आवाज मागून येत होता

माझी जाऊ टीव्ही फार छान सांगते. सांगते म्हणजे, आमच्या सासऱ्यांना, आबांना, काचबिंदूमुळे आता फक्त उजेड-अंधार तेवढा कळतो. मालिकेतलं बोलणं त्यांना ऐकू येतं, पण चाकू कोणी उचलला, पडद्यामागे कोण उभं आहे, हे शेजारी बसून कोणीतरी सांगावं लागतं. शिरूरला आमची दोन बिऱ्हाडं एका भिंतीला लागून आहेत. मोठा टीव्ही आणि पैसे भरलेलं ॲप जावेकडे, त्यामुळे दर रविवारी दुपारी आबा तिच्याकडे.

आबांनी जन्मभर वॉचमनकी केली. संशय घेणं हा त्यांचा आवडता उद्योग. आठ आठवडे एका डॉक्टरच्या खुनाची मालिका चालली होती आणि पहिल्या भागापासून त्यांचा वहीम डॉक्टरच्या भावावर. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं यायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पथ्याचं जेवण मी करायचं, डोळ्यांत थेंब मी घालायचे, आणि हसायचं तिच्याकडे! मला कोणी बोलावलं नव्हतं असंही नाही. ती दर वेळी हाक मारायची. मीच ‘कपडे वाळत घालायचेत’ म्हणायचे.

शेवटचा भाग शुक्रवारी आला. मी तो मोबाइलवरच्या एका ग्रुपवरून फुकट उतरवून घेतला आणि शनिवारी दुपारी आबांना माझ्या खोलीत बसवलं. म्हटलं, एकदा तरी मी सांगेन.

चित्रावर खाली जुगाराची जाहिरात सरकत होती. ते चाललं असतं, आबांना कुठे दिसतंय! पण त्या फाइलीत आवाज चित्राच्या बराच मागून येत होता. मी ‘काच फुटली’ म्हणायचे, मग सावकाश खळ्ळकन आवाज यायचा.

“जरा दमानं घे,” आबा म्हणाले. “तू आधी सांगतीस आन् आवाज मागनं येतोय.”

मी थांबून सांगायचं ठरवलं. पण खुन्यानं तोंडावरचा रुमाल काढला आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, “अगं बाई, कंपाउंडर!”

मोबाइलमध्ये अजून पावलंच वाजत होती. आबा ती ऐकत बसले. किंकाळी आली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. “बरं झालं, कळलं एकदाचं,” म्हणाले आणि काठी शोधू लागले. आठ आठवड्यांची त्यांची मजा मी एका शब्दात मातीत घातली होती.

रविवारी जावेनं हाक मारली तेव्हा मी मुकाट्यानं गेले. आता आबा सांगणार आणि माझी शोभा होणार, असं धरूनच चालले होते.

“आबा, शेवटचं विचारते. कोण?” जावेनं विचारलं.

“डाक्टरचा भाऊच. लिहून घे.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जाऊ अगदी हळू, श्वास रोखून सांगत होती. पावलं वाजली. ती गप्प राहिली. रुमाल निघाला, तरी गप्प. मग किंकाळीबरोबर तिनं आबांचा हात धरला, “आबा, कंपाउंडर!”

“आरारारा!” आबांनी मांडीवर थाप मारली. “ह्यो बेणं व्हय! म्या कवा मनात बी आनलं न्हाई गं!”

जावेचा चेहरा फुलला होता. मला तिथून उठावंसं वाटलं.

संध्याकाळी थेंब घालताना आबा हळूच म्हणाले, “तिला कालचं बोलू नगंस. लई जीव लावून सांगती पोरगी.”

“नाही बोलत,” मी म्हटलं आणि दुसऱ्या डोळ्यात थेंब टाकला. त्यांनी तिच्यासाठी इतकं गोड खोटं बोलावं! आदल्या दिवशी माझ्यासाठी त्यांना एक साधं ‘आरारा’सुद्धा काढता आलं नव्हतं.