पोटच्या पोरीलेही सांगायचा नाही असा ओटीपी

आई अकोल्यात राहते, मी अमरावतीत. मागच्या हिवाळ्यात तिनं फोनवर जाहीर केलं, "आपून सेमाडोहले जाऊ. जंगल पाहू. अन् खोलीचे पैसे मी भरीन, माह्या कार्डानं."

कार्ड नवंकोरं होतं. आजवर तिच्या प्रत्येक प्रवासाचं तिकीट दुसऱ्याच कोणीतरी काढलेलं. आधी बाबांनी, मग आम्ही. त्यामुळे मी मोडता घातला नाही. इकडे लॅपटॉप उघडला, खोली निवडली आणि तिला कार्डावरचे आकडे विचारले. तिनं पुढचा लांबलचक नंबर सांगितला, मागचे तीन आकडेही बिनधास्त सांगून टाकले.

"आता तुह्या मोबाइलवर ओटीपी येईन, थो सांग."

"थो नाही सांगत."

"कावून?"

"बँकेतल्या साहेबानं बजावलं हाय. ओटीपी कोणालेच सांगाचा नाही."

"अवं, मी तुही पोरगी आहो!"

"पोटच्या पोरीलेही नाही."

"अन् बाकीचं सारं सांगतलं थे?"

"त्याच्याबद्दल साहेब काही बोलला नाही."

तेवढ्यात मुदत संपली आणि पेमेंट फसलं. मी कपाळाला हात लावला, आणि रविवारी चक्क अकोल्याची बस धरली.

आई चष्मा लावून तयारच होती. ओटीपी आला तसा तिनं फोनवर पदर धरला, मला तोंड फिरवायला लावलं आणि एका बोटानं, ओठ हलवत एकेक आकडा टाकू लागली. वेळ संपली. दुसऱ्यांदा तिनं घाई केली, पण घाईत आधीच्याच मेसेजमधला आकडा टाकला. तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं, तरी पडद्यावर लाल अक्षरं आली: व्यवहार नाकारला.

"नाकारला म्हंजे? कोण नाकारून राहिलं मले?" आई उभीच राहिली.

मी कार्डामागच्या नंबरवर फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, नवीन कार्डवर ऑनलाइन खरेदी बंद असते. ॲपमध्ये जाऊन तुम्हालाच चालू करावी लागते."

"मंग कार्ड देतानीच सांगाचं न बाई! तुमी तं लगन लावून देलं अन् नवरीले सासरचा पत्ताच नाही देला!"

त्यावर पलीकडच्या मुलीला जे हसू फुटलं ते आवरेचना. ती 'सॉरी मॅडम' म्हणायची आणि पुन्हा खिदळायची. इकडे मी खुर्चीत लोळत होते. शेवटी आईही हसायला लागली.

ॲपमध्ये ऑनलाइन खरेदीचं बटण सापडलं, ते चालू केलं आणि पुन्हा पेमेंटला बसलो. या वेळी ओटीपी पहिल्या झटक्यात बसला. पडद्यावर चकरी फिरू लागली, फिरतच राहिली.

"हात नोको लावू," मी म्हटलं.

पण आईनं मागच्या पानावर जाऊन, नवा ओटीपी टाकून पुन्हा पैसे भरलेसुद्धा. मिनिटभरात दोन मेसेज आले. पहिलंही पेमेंट झालं होतं, दुसरंही. आमच्या नावावर आता दोन खोल्या होत्या.

"एक रद्द करतो," मी म्हटलं.

"कावून? तुह्या सासूले घेऊन चाल."

या दोघी विहिणी लग्नाकार्यात भेटायच्या, हळदीकुंकू लावायच्या, 'जेवण झालं काय' विचारायच्या. त्यापलीकडे त्यांच्यात कधी बोलणं झालेलं मला आठवत नव्हतं. मी नाही म्हणायला कारण शोधत होते तोवर आईनं फोन लावलाही होता.

"येतो न!" सासूबाईंचा आवाज फोनमधून मलाही ऐकू आला. "मले कोण नेते जंगलात?"

सेमाडोहला त्या दोघींनी एक खोली घेतली आणि दुसरी मला एकटीला देऊन टाकली. संध्याकाळभर भिंतीपलीकडून हसण्याच्या लाटा येत होत्या. दार वाजवलं तर सासूबाई म्हणाल्या, "तू जाय वं, तुह्याच गोष्टी चालू हायेत."

सकाळी जिप्सीत गाईडनं तोंडावर बोट ठेवून बजावलं, "आजी, अजिबात आवाज नको." दोघींनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. झाडीत एक सांबर उभं होतं, आमच्याकडेच बघत. सासूबाई आईच्या कानाशी लागल्या, "पाय वं, आमच्या घरचे मालक पेपर वाचतानी कोणी बोललं का असेच पायतात." आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. सांबर उधळलं. गाईडनं रागानं मागे वळून पाहिलं, दोघींच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी पाहिलं, आणि मग तोही हसत सुटला.