अंगठा घेण्याआधी

‘ए बाई, पोट उघडं कर. पोरांना बघू दे.’

धुळ्याच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर माझ्या मायला म्हणाले. भोवती पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. पडदा नाही. शेजारच्या खाटेवरचे पाहुणेसुद्धा माना उंचावून बघत होते. पोटावर आतड्याचं लालभडक तोंड, त्यावर चिकटवलेली पिशवी. आता शी तिथूनच होणार, जन्मभर. शुद्धीवर आल्यावर पोटाला हात लागला, तेव्हा मायला ते कळलं होतं.

‘हाई काय शे वं? माले कोणीच सांगं नही,’ ती मला म्हणाली.

मला तरी कुठे माहीत होतं? मी दहावीत. घरात वाचता येणारी एकटीच, म्हणून ऑपरेशनआधी संमतीचा कागद माझ्यापुढे आला. इंग्रजीतला. सिस्टर म्हणाली, ‘कॅन्सरची गाठ काढायचीय, अंगठा घे.’ मी मोठी शहाणी. मायचा अंगठा माझ्याच हाताने शाईत दाबला.

डॉक्टरांना विचारलं, ‘आधी का नाही सांगितलं?’

ते हसले. ‘सांगून कळलं असतं तुम्हाला?’

तुम्हाला. म्हणजे दोंडाईच्याकडच्या खेड्यातल्या, अंगठेबहाद्दर आम्हाला.

पिशवी नेमकी परकराच्या नाडीखाली आली होती. नाडी कुठे बसते, हे ऑपरेशनआधी कोणी बघितलंच नव्हतं. नाडी आवळली की पिशवी सुटायची. मायने लग्नाकार्यात जाणं सोडलं. मग पिशवी भरूच नये म्हणून जेवण सोडलं. ‘भूक नही शे,’ म्हणायची. गाठ तर निघाली होती. माझी माय उपाशी मेली.

मी नर्स झाले. आणि खोटं कशाला बोलू, काही वर्षं मीही मुकाट्याने अंगठे घेतले. नोकरीची भीती होती.

आज पिंपळनेरच्या एक अक्का वॉर्डात आहेत. उद्या त्यांचं हेच ऑपरेशन. दुपारी मी कागद बाजूला ठेवला. तसलीच एक पिशवी घेऊन, तिच्यात थोडं पाणी भरून ती त्यांच्या पोटावर चिकटवली. साडी नेसायला लावली. खाली बसवलं, वाकवलं, उभं केलं. नाडीपासून दूर, त्यांची त्यांना दिसेल अशी जागा शोधून पेनाने खूण केली. सगळं सांगितलं. अक्का ढसाढसा रडल्या. मीही रडले. मग त्या म्हणाल्या, ‘माले इचार करू दे. सकाय सांगसू.’

आमच्या वॉर्डाचे डॉक्टर भडकले. ‘घाबरवलंस पेशंटला! आत्ताच्या आत्ता अंगठा घे.’

‘नाही घेणार, सर.’

‘उद्या नाही म्हणाली तर मरेल ती.’

‘तेही सांगितलंय त्यांना. पोट त्यांचं आहे.’

बदली करतो म्हणाले. करा.

सकाळी अक्का काय म्हणतील, मला माहीत नाही. ‘हो’ म्हणाल्या तर त्यांचा हात धरून टेबलापर्यंत जाईन. ‘नाही’ म्हणाल्या तर ‘नाही’ लिहून घेईन. पण न सांगता कापायला माणूस आता माझ्या हातून मिळणार नाही.