रंगप्पाचा डावा अंगठा

मी देव मानतो, पण तेवढ्यावरच थांबतो. अंगात येणं, करणी, उतारे... यातलं काही आमच्या घरात चालत नाही. बसवनगुडीच्या आमच्या गल्लीत कुणी भुताची गोष्ट काढली, की मी उठून आत जातो. आपल्या या सदरात दर महिन्याला जे छापून येतं, त्यावर तर मी मोठ्याने हसलेलो आहे. तेव्हा हे पत्र मी कोणत्या तोंडाने लिहितोय ते माझं मला ठाऊक. पण लिहितोय. आठ वर्षं झाली तरी माझा संताप उतरलेला नाही.

एकसष्ट साली मी केंपेगौडा रोडवरच्या एका विमा कंपनीत क्लेम्स क्लार्क होतो. नाव लिहीत नाही, लिहायची इच्छा मात्र फार आहे. आमच्याकडे विमा असलेल्या गाडीने कुणाला उडवलं, की त्या जखमी माणसाला कमीत कमी पैशांत गप्प कसं बसवायचं, हे आमचं काम. ऑफिसात त्याला ‘सेटलमेंट’ असं गोंडस नाव होतं. मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळं ट्रायब्युनल नुकतंच सुरू झालं होतं. माणूस तिथे पोचला की कंपनीला जड जायचं. म्हणून सगळी धडपड एकच — तो तिथे पोचायच्या आत कागदावर त्याचा अंगठा घ्यायचा.

रंगप्पा हा कब्बनपेटेतला विणकर. अव्हेन्यू रोडच्या एका वळणावर आमच्याकडे विमा असलेल्या एका लॉरीच्या ड्रायव्हरने मागे न बघता लॉरी मागे घेतली, आणि रंगप्पाचा डावा हात लॉरी आणि भिंत यांच्यामध्ये चिरडला. सरकारी इस्पितळात पाचव्या दिवशी तो खांद्यापासून काढावा लागला. हातमागावर बसणाऱ्या माणसाचा हात! घरी बायको गौरम्मा आणि तीन मुली. पुढचं सगळं आयुष्य त्या भरपाईवर अवलंबून होतं.

अपघाताला तीन आठवडे होत आले आणि आमच्या हेड ऑफिसचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच व्हाउचर टाइप केलं. रक्कम सांगायची लाज वाटते... तो विणायचा तसली दोन रेशमी लुगडीही त्यात आली नसती. खाली छापील इंग्रजी वाक्य — माझं पूर्ण समाधान झालं आहे, यापुढे मी कसलाही दावा करणार नाही.

अकराच्या सुमाराला आम्ही वॉर्डात गेलो, मी आणि आमचे क्लेम्स ऑफिसर. गौरम्मा डबा आणायला घरी गेलेली. ती नसतानाची वेळ साहेबांनी मुद्दाम काढलेली. खाटेच्या कडेवर बसून ते कन्नडमध्ये अगदी मायेने म्हणाले, “औषधपाण्याला कंपनी मदत देतेय, रंगप्पा. ही नुसती पोच आहे. स्वल्प अंगठा लाव.”

“सरी, स्वामी,” रंगप्पा म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

मी स्टॅम्प पॅडचं झाकण उघडलं.

आता नीट वाचा, कारण सगळं यातच आहे. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा आणि बाईचा उजवा, ही कचेऱ्यांची रीत. डावा नसेल तर उजवा घेऊन खाली तसं लिहायचं. मी रंगप्पाचा उजवा हात धरला, अंगठा स्टॅम्प पॅडवर दाबला, कागदावर टेकवला, मग माझ्याच रुमालाने त्याची शाई पुसली. उजवा! दुसरा होताच कुठे? आणि मग सतरा वर्षांच्या सवयीने माझ्या हाताने ठशाखाली लिहून टाकलं — ‘डावा अंगठा, रंगप्पा’. शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही. चूक ऑफिसात आल्यावर लक्षात आली. साहेबांचा ओरडा नको म्हणून गप्प बसलो आणि कागद फाइलला लावला.

गौरम्मा मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती एका म्हाताऱ्या वकिलांकडे गेली आणि त्यांनी दावा लावला. कंपनीने अर्थातच व्हाउचर पुढे केलं. ‘पूर्ण समाधान’ झालेल्या माणसाचा दावा कसला! वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांशी नेला आणि मोठ्याने वाचलं, “डावा अंगठा... ह्या तारखेच्या सोळा दिवस आधी याचा डावा हात कापलेला आहे. मग अंगठा आणला कुठून?”

लोक हसले. आमचे साहेब अजिबात डगमगले नाहीत. क्लार्कची लिहिण्यातली चूक आहे, ठसा उजव्याच अंगठ्याचा आहे, हवं तर तज्ज्ञाकडे पाठवा, असा अर्जच त्यांनी कंपनीतर्फे दिला. बाहेर व्हरांड्यात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “राव, तुमच्या गाढवपणाने आपलंच काम झालं. उजवा आहे असा रिपोर्ट येऊ दे, मग बघतो त्या म्हाताऱ्याकडे.”

खरंच होतं ते. तसा रिपोर्ट आला की रंगप्पा संपला. समोर बाकावर गौरम्मा धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि मला काय वाटलं ठाऊक आहे? सुटलो, असं वाटलं. लाज वाटते, पण हेच वाटलं.

रंगप्पाच्या उजव्या अंगठ्याचे ठसे कोर्टात घेतले. डाव्याचे विणकरांच्या सोसायटीतून मागवले. सूत नेताना तो तिथल्या रजिस्टरात वर्षानुवर्षं अंगठा लावायचा. महिन्याने रिपोर्ट आला. व्हाउचरवरचा ठसा उजव्याशी जुळत नाही. डाव्याशी जुळतो — रेषेला रेष, माग लागून पडलेल्या जुन्या व्रणासकट. ठसा छापून उठवलेला नाही, प्रत्यक्ष अंगठा दाबूनच उमटलेला आहे.

मला पिंजऱ्यात उभं केलं.

“कुठला अंगठा घेतलात?” वकिलांनी विचारलं.

“उजवा.”

“ह्या कागदावर उजवा आहे?”

“नाही... पण मी उजवाच घेतला. शपथेवर सांगतो.”

जज्जसाहेबांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. “हा साक्षीदार रोज असाच खोटं बोलतो, की आज काही विशेष?”

सतरा वर्षं मी अर्धवट सांगत, झाकत, पुसत आलो, तेव्हा कुणी हूं म्हणून विचारलं नाही. ज्या दिवशी सरळ खरं बोललो त्या दिवशी भर कोर्टात खोटारडा ठरलो! व्हाउचर बाद झालं, रंगप्पाला पुरेपूर भरपाई मिळाली. ती मिळायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बनावट ठसा केल्याचा ठपका ठेवून कंपनीने मला घरी बसवलं आणि साहेब मॅनेजर होऊन मद्रासला गेले. ‘ही नुसती पोच आहे’ हे त्यांचं वाक्य कुठल्याच कागदावर आलं नाही. घरी अक्का म्हणाली, “त्या गरिबाला मिळाले की रे पैसे. आता स्वल्प गप्प बस.” नाही बसवत, अक्का!

मला शहाणपण शिकवणारे कमी भेटले नाहीत. म्हणे, अंगठा ऑपरेशनच्या आधी घेतला असेल. अहो, कागदच त्या सकाळी टाइप झालेला! म्हणे, कागद बदलला असेल. त्यावर माझी सही आहे, माझ्या पेनचा डाग आहे. म्हणे, तुम्हाला नीट आठवत नसेल. एका हाताच्या माणसाचा कुठला हात धरला, हे आठवावं लागतं?

शेवटी मी कब्बनपेटेत गेलो. माडीवर मोठी मुलगी मागावर बसलेली, रंगप्पा शेजारी बसून तिला चुका दाखवत होता. मला पाहून गौरम्माने तोंड फिरवलं. त्याने मात्र चटई पुढे सरकवली. मी विचारलं, “त्या दिवशी मी तुमचा कुठला अंगठा धरला होता, रंगप्पा?”

“डावा, रायरे,” तो लगेच म्हणाला. “शाई गार लागली. मी काही बोललो नाही, म्हटलं तुम्हाला दिसतंयच.”

मग मागाकडे बघतच तो शांतपणे म्हणाला, “मी शिकलेला नाही. तुम्हाला तर ते इंग्रजी वाचता येत होतं. मला का नाही वाचून दाखवलंत?”

त्या ठशाचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पोलिसांचे तज्ज्ञ, डॉक्टर, आमच्या मठातले स्वामी, सगळ्यांना विचारून झालं. आपल्या वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवावं. रंगप्पाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तिथेच, त्याच क्षणी माहीत होतं... आणि मी “येतो” म्हणून जिना उतरलो.