तमाखू मळून होईपर्यंत

"कॉम्प्रेसर गेलाय. नवा घेऊनच जा," शेठ म्हणाले, आणि मॅटाडोरमध्ये खोकं चढवूनही झालं. मी अजून मशीन पाहिलंसुद्धा नव्हतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्यात एसी-फ्रिजच्या दुकानात मी मेकॅनिक होतो. शिरपूरजवळ तापीकाठच्या मळ्यात नीलिमाताईंनी केळीची टिश्यू कल्चर लॅब काढली होती. म्हणजे केळीच्या कोंबाचा बारीक तुकडा काचेच्या बरणीत वाढवून त्याची रोपं करायची. खोली कायम थंड हवी. एसी बंद पडून मागच्या महिन्यात बरण्यांची एक खेप उकडून गेली होती. तेव्हा कॉम्प्रेसर बदलला. आता हा नवाही तसाच वागत होता. घुंऽऽ करायचा, उचलायचा नाही आणि ट्रिप व्हायचा.

"ही खेप गेली तर मी लॅब बंद करणार," ताई म्हणाल्या. "घरात सगळे नको म्हणत होते. एकटे नाना, माझे सासरे, पाठीशी उभे राहिले. त्यांना काय तोंड दाखवू?"

नाना ओट्यावर तमाखू मळत बसले होते. मला म्हणाले, "नीट देख भाऊ. पोर रातदिन राबस."

पार्ट बदलून फॉल्ट शोधणाऱ्या मेकॅनिकांचा मला मनस्वी राग आहे. डोकं दुखतंय म्हणून कुणी डोकं बदलत नाही. मी खोकं गाडीतच ठेवलं आणि सप्लाय काढून मीटर लावलं. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, शाबूत. बॉडीला करंट उतरत नव्हता. कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा डबा, तोही ठीक. करंट फार खेचला की सप्लाय तोडणारा ओव्हरलोड, त्यातही खोट नाही. मशीन चालू केलं, तर पहिल्या फटक्यात सुरू.

"सकाळी चालतो. दुपारी नखरे करतो," ताई म्हणाल्या.

"मग दुपारपर्यंत बसतो."

कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन मी वायरीला टंगटेस्टर लावून बसलो. वायर न तोडता करंट दाखवणारं ते मीटर. ऊन तापलं, आजूबाजूचे पंप सुरू झाले, बल्ब मंदावला. तरीही एसी चालतच होता. मग क्षणभर लाईट जाऊन आली आणि काटा एकदम टोकाला गेला. घुंऽऽ. टक. ट्रिप.

लाईट अशी जाऊन का आली? मी मेन बोर्ड पाहायला मागच्या पंपशेडमध्ये गेलो. तिथे पुन्हा काढलेला फ्यूज हातात घेऊन नाना विझलेल्या बल्बकडे बघत उभे होते.

"नाना, हे काय?"

"लाईट मंद व्हयनी ना भाऊ. चांगला फेजवर टाकस. पोरनी मशीन बंद पडाले नको."

आपल्याकडे हे घरोघर चालायचं. खांबावरून तीन फेज येतात. उन्हाळ्यात एकाचं व्होल्टेज पडलं की फ्यूज काढून दुसऱ्यावर लावायचा. पंख्या-दिव्यांचं त्यात काही बिघडत नाही. चालत्या कॉम्प्रेसरच्या पोटात मात्र गॅसचं प्रेशर असतं. सप्लाय तुटून लगेच आला, तर त्या प्रेशरवर मोटर उचलत नाही. ती अडकून भरमसाट करंट खेचते, त्यानं बल्ब आणखी मंदावतो. मग नाना पुन्हा फेज बदलणार. पहिला कॉम्प्रेसर असाच जळाला होता.

"नाना, चढावर भरलेली गाडी मध्येच थांबवली तर बैल लगेच उचलतात का?"

नानांना दुसरं वाक्य लागलं नाही. ते उंबऱ्यावर बसले. "म्हणजे पोरनी रोपे मीच मारात?"

मी त्यांच्याशेजारी टेकलो. वाईट वाटलं. एवढ्यात ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नानांच्या हातातला फ्यूज पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी काय झालं ते सांगितलं.

मग ताई म्हणाल्या, "भाऊ, एसीचा स्विच इथेच काढून देता का? नानांच्या हाताशी. इथून पुढे एसी त्यांच्याकडे."

मी वायर ओढून स्विच बोर्डाशेजारी बसवला. नानांना सांगितलं, आधी एसी बंद, मग फेज बदला, मग सावकाश तमाखू मळा. तोवर प्रेशर उतरतं; ती तोंडात गेली की एसी चालू. घड्याळाची गरजच नव्हती.

खोकं परत आलेलं पाहून शेठ चिडले. "मग फॉल्ट होता तरी काय?"

"मशीनला दम खाऊ देत नव्हते."

ती खेप जगली. पुढे रोपं चोपड्या-रावेरपर्यंत जाऊ लागली. काही वर्षांनी, लाईट आल्यावर एसी काही मिनिटं आपोआप थांबवून धरणारे टाइमर निघाले. मी एक घेऊन गेलो. नाना आता काठी टेकत चालत होते.

"हाई काय करस?"

"तुम्ही करता तेच, नाना."

त्यांनी ती डबी उलटीपालटी करून पाहिली. "लाई दे. पन बटन मन्हाजोडेच राहू दे."

फॉल्ट मशीनमध्ये नसेल तर माणसात शोधावा, पण सापडला म्हणून तो पार्ट काढून टाकू नये, एवढं मी या धंद्यात शिकलो. टाइमर बसवला. नानांच्या स्विचचं आता काही काम उरलं नव्हतं. तो मी होता तिथेच ठेवला.