कुमुदताईंनी दाखवलेलं लखनौ

फोन मी उचलला. पलीकडून लखनौच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "दीदी नहीं रहीं, भाभी... सुबह चाय लेकर गई तो..." श्रीकांत आंघोळीला गेला होता. रिसीव्हर खाली ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता माझ्याकडे नापास झालेल्या मुलीसारखं बघणारं कोणी उरलं नाही. या गोष्टीला आता महिना-दीड महिना होऊन गेला. कुमुदताई माझ्या नणंद. आमचं कधीही पटलं नाही, आणि त्या गेल्या म्हणून ते आता पटलं असं मी लिहिणार नाही.

सासरे लवकर गेले. श्रीकांत तेव्हा शाळेत होता. कुमुदताईंनी लग्न केलं नाही, मेटलर्जी शिकल्या, रेल्वेच्या संशोधन संस्थेत लागल्या आणि भावाला शिकवलं. लखनौला मानक नगरच्या क्वार्टरमध्ये त्या एकट्या राहत. रुळाचं पोलाद कुठे चिरेल हे तपासणं हे त्यांचं काम, आणि माणसांकडेही त्या त्याच नजरेनं बघत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमचं लग्न झालं. मी नागपुरात मनपाच्या शाळेत शिक्षिका, नुकतीच कायम झालेली. श्रीकांत हिंगण्याच्या एका कारखान्यात होता आणि तो कारखाना आज बंद पडतो की उद्या अशा बेतात होता. त्या जानेवारीत शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली आणि कुमुदताईंचा निरोप आला : या, लखनौ दाखवते.

चारबागला त्या स्वतःची मारुती घेऊन आल्या होत्या. स्टेशनाबाहेर धुकं दाटलेलं. त्यांनी श्रीकांतच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या स्वेटरकडे बघून म्हणाल्या, "एवढ्यावर आलीस? इथली थंडी काय नागपूरची आहे?" घरी न जाता गाडी थेट जुन्या शहरातल्या चौक भागात नेली. निहारी-कुलच्याच्या दुकानापुढे माणसं वाफाळत्या वाडग्यांवर वाकलेली. मी शाकाहारी आहे हे त्यांना माहीत होतं. मटणाच्या रश्श्याचे दोन वाडगे मागवून त्यांनी माझ्यापुढे एक नुसता कुलचा सरकवला. "कोरडाच खा. तुमच्याकडे पोळीसुद्धा अशीच असते ना?" श्रीकांत हसला. तिथून गोल दरवाजापाशी मक्खन मलई. द्रोणातला तो केशरी फेस जिभेवर ठेवेपर्यंत नाहीसा झाला. आयुष्यात इतकं सुंदर काही खाल्लं नव्हतं, पण तसं म्हटलं असतं तर त्यांचा विजय झाला असता. मी म्हटलं, "गोड जरा जास्तच आहे." त्यांनी गाडीचं दार जोरात आपटलं.

पुढचे दिवस असेच गेले. टुंडे कबाब काय, शीरमालची रोटी काय, कुठलं अत्तर कुठल्या गल्लीत... सगळं त्या श्रीकांतला सांगत आणि मी मागून चालत असे. इमामबाड्याच्या भुलभुलैयात शिरल्यावर दोघं गप्पा मारत पुढे गेली आणि मी अंधाऱ्या बोळात एकटी राहिले. हाका मारल्या, तर माझाच आवाज भिंतींतून फिरून आला. शेवटी दुसऱ्या पर्यटकांच्या गाइडनं बाहेर काढलं. गच्चीवर उन्हात शेंगा खात बसलेल्या कुमुदताई म्हणाल्या, "आलीस? श्रीकांतला लहानपणी एकदाच दाखवलेली वाट पाठ व्हायची." संध्याकाळी व्हरांड्यात त्यांनी रमची बाटली काढली. कोमट पाणी, दोन ग्लास. "मंजिरी घेत नसेल," त्या म्हणाल्या. मी तोवर थेंब चाखला नव्हता. श्रीकांतच्या हातातला ग्लास घेतला आणि अर्धा संपवला. घसा जळत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मी खोकले नाही. कुमुदताईंनी माझ्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

रविवारी हजरतगंजातल्या एका हॉटेलात जेवण होतं. तिथे मिश्राजी म्हणून एक कारखानदार सपत्नीक आले होते, कुमुदताईंच्या ओळखीचे. पनीर आलं, कबाब आले, मिश्राजींनी माझ्या ताटात आग्रहानं रोटी वाढली आणि हसत विचारलं, "तो भाभीजी, स्कूल से रिज़ाइन कब कर रही हैं? पहली तारीख़ से तो श्रीकांत जी हमारे हुए!"

मी म्हटलं, "किसने कहा?"

मिश्राजींनी कुमुदताईंकडे बघितलं. मला वाटलं, सापडल्या! ते खाणं, ते फिरवणं, सगळा सापळा होता तर. पण कुमुदताई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या भावाकडे बघत होत्या.

"श्रीकांत, हिला विचारलंयस म्हणालास. ही तयार आहे म्हणालास."

श्रीकांत कबाबाचा तुकडा मोडत होता. "विचारणारच होतो, ताई. म्हटलं, आधी गाव बघेल, आवडेल..."

कुमुदताईंनी नॅपकिन टेबलावर ठेवला. "माफ़ कीजिए, मिश्राजी. बात पक्की नहीं थी. ग़लती हमारी है." आणि त्या उठल्या.

आम्हीही मागोमाग निघालो. मानक नगरच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मागे न वळता म्हणाल्या, "एक ऐकून ठेव, मंजिरी. तू मला आवडत नाहीस. पण तुला न विचारता तुझी नोकरी सोडवायला मी निघाले नव्हते."

"विचारलं असतंत तरी मी नाहीच म्हटलं असतं."

"ठाऊक आहे. तू त्याला तिथेच कुजवणार."

"तुम्हाला भाऊ नकोय, ताई. तुम्हाला तुमचा शाळेतला श्रीकांत परत हवाय."

स्टीअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. श्रीकांत माझ्या शेजारी खिडकीबाहेर बघत बसला होता, जणू हे सगळं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. त्या दिवशी त्यांनी आम्हाला स्टेशनवर सोडलं आणि गाडी लागायच्या आत निघून गेल्या.

पुढे तो कारखाना बंद पडला, श्रीकांतला दुसरी नोकरी मिळाली, मुलगी झाली. कुमुदताई निवृत्तीनंतर लखनौच्याच वृंदावन योजना वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये गेल्या. सासूबाई गेल्या तेव्हा त्या नागपूरला आल्या आणि माझ्याशी कामापुरतं बोलल्या. कोणी विचारलं, की श्रीकांत सुस्कारा टाकून म्हणे, "दोघींचं पटत नाही. मी मधल्यामध्ये काय करू?" आमच्या वैराच्या सावलीत तो बरीच वर्षं निवांत बसला. आणि आम्ही दोघी एकमेकींकडे डोळे वटारण्यात इतक्या गुंतलो, की त्याच्याकडे बघायचं राहून गेलं.

लखनौला सगळं उरकून आल्यावर नागपुरात घरी नातेवाईक जमले. चुलतसासरे बोलता बोलता म्हणाले, "कुमुद जिद्दी होती बाप्पा. भावाला लखनौला न्यायचं म्हणून भावजयीला फसवून नेलं होतं तिनं. पण जाऊ द्या, गेली बिचारी."

श्रीकांत मान खाली घालून बसला होता. दुःखातला माणूस... कोणालाही तसंच वाटलं असतं.

"काका," मी म्हटलं, "कुमुदताईंनी मला फसवलं नाही."

"अगं, मग सगळे म्हणतात ते?"

"श्रीकांतला विचारा."

चुलत जाऊबाईंनी माझा हात दाबला, मी तो सोडवून घेतला. श्रीकांत म्हणाला, "ताईनं मला विचारलं होतं. मीच खोटं सांगितलं होतं." मग तो रडायला लागला. मी पाणी आणायला उठले नाही.

भिंतीवर लावायला त्यानं एक हसरा फोटो निवडला होता. कुठल्याशा लग्नातला, जरीची साडी, केसांत गजरा. त्या बाईला मी ओळखत नव्हते. मी तो उतरवला. त्यांच्या कपाटातून आणलेल्या फोटोंत एक कामावरचा होता : डोक्याला हेल्मेट, मागे रूळ, कपाळावर आठी, आणि फोटो काढणाऱ्याचंच काहीतरी चुकलंय अशी नजर. तो फ्रेम करून लावला. स्वयंपाकघरातून बाहेर आलं की त्या समोरच असतात, तशाच बघत. मीही बघते. नजर खाली घालत नाही.