खिडकी कशाची घालावी

माझ्या बायकोच्या मामांनी खिडकीचा जेवढा विचार केला, तेवढा मुंबईत दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. माणसं खिडकीत उभी राहून कसला ना कसला विचार करतात. मामा खिडकीपुढे उभे राहून खिडकीचाच विचार करत. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा होती. बाहेरच्या खोलीतली लाकडी खिडकी वाळवीने आतून पार पोखरली होती आणि एका सकाळी उघडायला गेले तर झडप मामांच्या हातातच आली. मामांनी तिथे प्लायवूडचा तुकडा ठोकला, "आठवड्याभराचा प्रश्न आहे" असं घरात जाहीर केलं आणि नवी खिडकी लाकडाची घ्यावी, लोखंडाची की ॲल्युमिनियमची, याच्या शोधाला लागले. तो आठवडा जवळजवळ वर्षभर चालला.

मुळात कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय घेणं मामांच्या स्वभावात नव्हतं. चप्पल घ्यायची तर ती पायात घालून ते बाजाराच्या टोकापर्यंत चालून येत, आणि दुकानदार काळजीने मागे मागे येई. लग्नाला गेले की नवरानवरी राहिली बाजूला, आधी मांडवाचा बांबू हलवून बघत. खिडकीचं निघाल्यापासून तर त्यांच्या खिशात लोहचुंबक आला. बिजागरी खरीच पितळेची आहे की लोखंडाला वरून पितळी रंग दिलाय, ते त्याने कळतं म्हणे. तो चुंबक बाहेर निघे तेव्हा त्याला टाचण्या, मामींचे केसांचे आकडे आणि एकदा तर आमच्याच कपाटाची किल्ली चिकटलेली होती. ती आम्ही दोन दिवस शोधत होतो.

वाकोल्याला माझा एक मित्र राहायचा. त्याने नुकत्याच ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या होत्या. तेव्हा ती मोठी नवलाई होती. तो येणाऱ्याजाणाऱ्याला एका बोटाने काच सरकवून दाखवायचा. मी मामांना तिथे नेलं. मामांनी काच सरकवली, चुंबक लावला, मान डोलावली आणि प्यायला पाणी मागितलं. मित्राच्या बायकोने तांब्या आणून दिला. मामा तो घेऊन सरळ गॅलरीत गेले आणि बाहेरून खिडकीवर रिकामा केला. खालच्या पट्टीत पाणी साठलं, आत वळलं आणि सोफ्याच्या नव्या अभ्र्यावर उतरलं.

"पाणी आत येतं," मामा म्हणाले.

"अहो, तुम्ही ओतलंत म्हणून आलं ना!" मित्र ओरडला.

"मग पावसाला काय सांगणार आहात, ओतू नको म्हणून?"

त्यानंतर बरेच महिने तो मित्र मला भेटला की आधी बघायचा, मी एकटा आहे ना. ट्रॉम्बेला मामांचा एक जुना सहकारी राहत होता, त्याच्या लोखंडी खिडक्यांचा रंग मामांनी नखाने खरवडला. आतून गंज निघाला. "खाडीचा वारा!" मामा विजयाने म्हणाले. "मुलुंडलाही यायचा कधीतरी!" राहिलं लाकूड. त्यासाठी ते सुताराकडे बसून सागवानाचा वास घेत, फळ्या कानाशी धरून वाजवत. पण तिथेही गाडी अडायचीच. "पावसाळ्यात फुगतं हो. फुगलं की धक्का मारावा लागतो."

"मग मारायचा की," मी म्हणालो. मामांनी हातातली फळी ठेवली आणि दुसरी उचलून कानाशी धरली.

धक्का का चालत नव्हता, ते मला एका रविवारी कळलं. मामा आमच्या घाटकोपरच्या घरी आले होते. मी चहा घेऊन बाहेर आलो, तर ते खिडकीपाशी ठेंगण्या खुर्चीवर बसलेले. उजवा हात पाठीमागे घट्ट दाबून धरलेला, आणि डाव्या हाताने ते आमची लाकडी झडप ढकलत होते. ती सरकेना. माझी बायको आधी हसली. "मामा, तू काय नाटक लावलंयस रे?" आणि बोलता बोलताच तिची नजर त्यांच्या पाठीमागे दाबलेल्या हातावर गेली. मामींना आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता आणि त्यांचा उजवा हात गेला होता. जिना उतरणं बंद झाल्यापासून दिवसभर मामी त्या एका खिडकीशी बसत. मामा दुसऱ्यांच्या घरी जाऊन मामींच्या खुर्चीच्या उंचीवरून, मामींच्या एका हाताने खिडक्या उघडून बघत होते.

"बोटाने सरकते ती एकच, ॲल्युमिनियमची," ते म्हणाले. "पण ती अर्धीच उघडते. तिला अर्धाच रस्ता दिसायचा. बाईचं सगळं जग तेवढंच उरलंय, त्यातलं अर्धं मी कापू?"

बायको त्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर मुलुंडला गेली; मीही गेलो. बाहेर अजून ऊन होतं, तरी खोलीत दिवा लावलेला होता, कारण उजेडाच्या जागी प्लायवूड होतं. मामांनी पुन्हा तिन्हींचे गुणदोष मांडायला घेतले तशी मामींनी त्यांना थांबवलं. त्या मूळच्या मालवणकडच्या, चिडल्या की तिकडचीच भाषा तोंडात यायची.

"अवो, वरीस झाला. माका कोणी इचारल्यान काय?"

मामा त्यांच्या खुर्चीजवळ बसले. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "सांग. कसली घालू?"

"बोटान सरकता ती."

"अर्धीच उघडते गं."

"उघडूंदे. माका तोंड एकच आसा मा!"

आम्ही सगळे हसलो. मामाही हसले, पण चष्मा पुसत पुसत. पुढच्याच आठवड्यात खिडकी बसली. पाणी बाहेर जावं म्हणून मामांनी कारागिराच्या डोक्यावर उभं राहून खालच्या पट्टीला भोकं पाडून घेतली आणि तांब्याभर पाणी ओतून खात्री केली. मामींनी डाव्या हाताच्या बोटाने काच सरकवली, वाकून खाली बघितलं आणि पहिल्याच झटक्याला कोळणीला हाक मारली.

पुढे आम्ही त्या रस्त्याने गेलो की दोघंही दिसायची. उघड्या अर्ध्यात मामी, काचेच्या अर्ध्यामागे पेपर घेऊन मामा. आम्ही हात केला की मामींशी बोलणं व्हायचं. मग त्या काच सरकवून आपल्यापुढे घ्यायच्या, म्हणजे मामांना बोलता यायचं. मामींना सांगायचं काही आठवलं की काच परत जायची. खाली उभं राहून आम्ही आपले वाट बघायचो, आता कुणाची पाळी.

आता दोघंही नाहीत. जागा विकली गेली. मुलुंडला गेलो की अजूनही मान आपोआप वर जाते. कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला असतो, आणि काच ज्या बाजूला असेल त्या बाजूलाच राहते.