गवतात बसलेली बाई

त्या वर्षी सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जपानात, नागोयाला आल्या होत्या आणि मी कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात अडकून पडले होते. नवरा दिवसभर मोटारींच्या कारखान्यात, मी घरात एकटी, म्हणून लिहायला घेतलेली ती ऐतिहासिक कादंबरी. जागा सह्याद्रीतलं एक मोकळं पठार. त्यावरून एक बाई एकटी निघाली आहे, मागे चार स्वार लागलेत आणि ती त्यांच्या हाती लागत नाही. पुण्याच्या संपादकांनी कळवलं, उघड्या माळावर एक बाई चार स्वारांना सापडत नाही, हे वाचकाच्या गळी कसं उतरवणार? मी कधी मोठा खडक आणून ठेवला, कधी धुकं पाडलं. दोन्ही खोटं वाटत होतं. हे प्रकरण जमलं नाही तर कादंबरीच गुंडाळून ठेवायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

सह्याद्रीत जाऊन येणं शक्य नव्हतं, नवऱ्याचं इथलं पोस्टिंग संपायला बराच अवकाश होता. स्टेशनवरच्या एका पोस्टरवर नागानोच्या डोंगरांतलं पठार दिसलं. झाड नाही, नुसतं पिवळं गवत आणि आभाळ. अशा जागी निदान कसं वाटतं ते तरी कळेल, म्हणून ऑक्टोबरातल्या एका सकाळी निघाले. जायचं होतं एकटीनंच. पण सासूबाई कॅनव्हासचे बूट घालून दारात उभ्या. दशम्याही करून बांधलेल्या, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आगगाडी, मग बस, मग पायवाट. पठारावर पोहोचल्यावर मी स्वारांच्या नजरेनं चहूकडे पाहिलं. पार लांबून चाललेल्या एका आजोबांची टोपीसुद्धा स्वच्छ दिसत होती. संपादकांचंच खरं होतं. माझा चेहरा पडला. सासूबाई मात्र खुशीत होत्या. समोरून येणारा प्रत्येक जण ‘कोन्निचिवा’ म्हणायचा आणि त्या थांबून हात जोडायच्या.

अर्ध्या वाटेवर त्यांनी माझी बाही ओढली.

“अगं, मला जाऊन यायचंय.”

“आई, सोय बसथांब्यापाशी आहे. तासभर तरी लागेल.”

“तासभर कुठलं निभावतंय. तो स्टेशनवरच्या मशिनमधला चहा नडला.”

मी घाबरले. कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली तरी शेजारीण ती दारात परत आणून ठेवते, असा हा देश. पण इलाज नव्हता. “तू वाटेवर उभी राहा, कुणी येतंय का बघ,” म्हणत त्या छातीएवढ्या गवतात शिरल्या, खाली बसल्या आणि दिसेनाशा झाल्या.

नेमका तेव्हाच एक घोळका आला. सगळे दूरच्या डोंगरांकडे बोटं दाखवत तिथूनच, अगदी जवळून गेले. मला वाकून नमस्कार केला. कुणाला पत्ता लागला नाही.

ते गेल्यावर मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. मी गवतात पाऊल टाकणार, तोच त्या सावकाश उभ्या राहिल्या आणि पदर सारखा करत बाहेर आल्या.

“हाका ऐकू नाही आल्या?”

“आल्या की.”

“मग ओ का दिली नाहीत?”

साडीची कुसळं काढत त्या म्हणाल्या, “आत वारा लागत नाही. ऊब आहे छान. आणि मी कुणालाच दिसत नव्हते गं. लग्न झाल्यापासून अशी कधी बसलेच नव्हते. म्हटलं, बसू जरा.”

मला हसू आलं. पुढे एका बाकावर आम्ही दशम्या खाल्ल्या. त्या दिवशी त्या मला फार आवडल्या.

प्रकरण त्याच आठवड्यात लिहून झालं. माझी बाई पळत नाही. गवतात शिरते आणि बसते. पळणारीला शोधणारे स्वार दूरवर नजर लावून तिच्या जवळूनच घोडे दामटतात. संपादकांना ते पटलं. शंका फक्त एकाच ओळीबद्दल होती. स्वार निघून गेल्यावरही ही बाई बराच वेळ उठत नाही, ते कशासाठी? ओळ काढू का?

मी कळवलं, दुसरं काहीही काढा, तिला बसू द्या.